चुकलेल्या मापाची खिडकी

टक्.

दुपारचं घर अगदी गप्प होतं. लाइट गेलेली, पंखा थांबलेला, तान्ह्या संग्रामचा माझ्या मांडीवर नुकता डोळा लागलेला, आई भिंतीकडे तोंड करून आडवी झालेली. त्या शांततेत मागच्या अंगणातून तो एवढासा आवाज आला आणि मी न उठताच ओळखलं: माझी राधा डब्यात शिरली आहे आणि तिनं भांड्यांच्या कपाटाचा पितळी खटका लावला आहे. तसा आवाज दुसऱ्या कुठल्याच कपाटाचा होत नाही. चौतीस वर्षं मी तो ऐकते आहे.

"राहू दे तिले," आई भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाली. "दोनच दिवस राह्यले. खेळू दे पोट्टीले."

दोन दिवस म्हणजे गुरुवारपर्यंत. गुरुवारी डबा जाणार होता.

डबा म्हणजे माझ्या बाबांनी बांधलेलं चाकांवरचं घर. जीपच्या मागे जोडून ओढत न्यायचं, वाटेत त्यातच रांधायचं, त्यातच झोपायचं. माहीतगार लोक त्याला ट्रेलर म्हणतात, कॅरॅव्हॅन म्हणतात. रायपूरच्या गुढियारीत, आमच्या पाऱ्यात म्हणजे मोहल्ल्यात, तो नुसता 'गंगाधरचा डबा' होता. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. घर विकलं. आई आमच्याकडे नवा रायपूरला चौथ्या मजल्यावर राहायला येणार, आणि आमच्या सोसायटीत बारा फुटांचा चंदेरी डबा उभा करायला कुणी देणार नाही. अभिनवनं, माझ्या नवऱ्यानं, विचारून पाहिलं होतं. सेक्रेटरी आधी पोटभर हसले आणि मग नाही म्हणाले.

बाबा बीरगावला, बसची बॉडी बांधणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन होते. माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी एका रस्त्याच्या ठेकेदारानं साइटवर राहायची खोली म्हणून दोन चाकांचा सांगाडा बनवून घेतला आणि तो न्यायला आलाच नाही. शेडच्या मागे सांगाडा पडून राहिला. मालक म्हणाले, गंगाधर, जागा मोकळी कर, तूच घेऊन जा. आणि नेमक्या त्याच दिवसांत आईनं गोल बाजारातून आणलेल्या पितळी पातेल्याला एका परदेशी मासिकाचं पान गुंडाळून आलं. त्यावर एक फोटो होता: झाडाखाली उभं असलेलं, अंड्यासारखं गोल, चकचकीत चंदेरी चाकाचं घर आणि त्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेली बाई. बाबांना तो एखाद्या नव्या मॉडेलचा फोटो वाटला. पुढे कुणीतरी खालची इंग्रजी ओळ वाचून सांगितलं की फोटो पन्नास वर्षांपूर्वीचा आहे. ते ऐकून बाबांनी तो भिंतीवर आणखी वर, देवांच्या फोटोंच्या रांगेत लावला.

"पन्नास वर्सं झाले अन् अजून उद्याचाच वाटते," ते म्हणत. "काहून असन?"

आणि स्वतःच उत्तर देत. "त्याले कोपरा नाही म्हणून. कोपरा जुना होते. धूळ कोपऱ्यात बसते, पाणी कोपऱ्यात मुरते, धक्का लागला तं कोपऱ्यालेच. कोपराच ठेवला नाही तं जुनं काय होईन?"

मग ड्यूटी संपली की रोज ते शेडच्या मागे. मदतीला श्यामराव वेल्डर. सपाट पत्रा कुणीही वाकवतो. पण गोल पाठ करायची तर पत्र्याच्या लांबट पाकळ्या कापायच्या, वाळूच्या पोत्यावर ठेवून लाकडी हातोड्यानं ठोकत ठोकत त्यांना पोट आणायचं आणि मग एकीला एक रिव्हेटनं शिवत जायचं. संत्र्याच्या फोडी जोडून परत संत्रं करण्यासारखं. "नागपूरकडच्या माणसाले हे शिकवा लागत नाही," बाबा म्हणत.

रिव्हेटचाही त्यांचा एक नियम होता. जे कधीतरी काढावं लागेल त्याला स्क्रू, जे कायमचं त्याला रिव्हेट. आणि सगळ्यांवरचा नियम वर्कशॉपचा: वाजलं तर चुकलं. गाडी रस्त्यावर चालताना जे खडखडतं ते नीट बसवलेलं नाही. म्हणून डब्यात प्रत्येक कपाला त्याच्या बुडाएवढं भोक होतं, प्रत्येक ताटाला खाच होती. टेबल एका पायावर भिंतीतून खाली उतरे. दिवसा बसायचा बाक रात्री पलंग होई आणि त्याच्या पोटात पाण्याची टाकी असे. पायानं दाबायचा पंप होता, म्हणजे भांडी घासताना दोन्ही हात मोकळे. एवढ्या सगळ्यात बोलायची परवानगी फक्त त्या पितळी खटक्याला. "त्याले बोलू द्या," बाबा म्हणत. "तो सांगते, मी बंद झालो, आता चला."

दर उन्हाळ्यात आम्ही त्यातून आजोळी पुलगावला जायचो. डोंगरगढला, रामटेकला जायचो. एकदा देवरीला चहासाठी थांबलो तर पाच मिनिटांत डब्यामागे बायकापोरांची लाइन लागली. पुढची म्हातारी छातीवर हात ठेवून म्हणाली, "भैया, एक्सरे की गाडी है ना?" बाबांनी तिला आत बसवून चहा पाजला. बाकीच्यांनाही मग आतून बघायचं होतं. त्या दिवशी आम्ही पुलगावला अंधार पडल्यावर पोचलो.

आणि अशा मापाच्या माणसानं एक खिडकी चुकवली होती.

डब्याला दोन्ही बाजूंनी तीन-तीन खिडक्या, सगळ्या एका रेषेत, दोरी धरून तपासाव्यात अशा. डाव्या बाजूला मात्र चौथी एक होती. वीतभर उंच, दीड वीत रुंद, बाकीच्यांच्या चांगली हातभर खाली, बाकावरच्या गादीपासून जेमतेम वीतभर वर. बसलं तर कमरेशी येणार, उभं राहिलं तर मांडीशी. आणि ती उघडतही नव्हती. बसच्या मागच्या काचेसारखी रबरात कायमची बसवलेली. बाहेरून पाहिलं की वाटे, खिडक्यांच्या रांगेतून एक पोर घसरून खाली पडलं आहे.

कुणी विचारलं की बाबा म्हणत, "माप चुकलं." बस्स, तेवढंच.

वर्कशॉपमध्ये त्याची म्हणच झाली. कुणाचं भोक अर्धा इंच इकडेतिकडे गेलं की आरोळी उठे, "झाली गंगाधरची खिडकी!" बाबा रिटायर झाले, म्हण राहिली. त्यांना खांदा द्यायला आलेले श्यामरावकाका रडता रडता म्हणाले होते, "आख्ख्या जिंदगीत एकच माप चुकला माणूस."

मी तरी कुठे मागे होते! आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला असताना टेप घेऊन मी सगळा डबा मोजला होता आणि मोठ्या शहाणपणानं म्हणाले होते, "बाबा, फर्स्ट इयरचा पोट्टाही अशी चूक नाही करत." बाबा ओल्या वर्तमानपत्रानं काचा पुसत होते. "हव," ते म्हणाले, "चुकलीच ते." आणि तीच काच पुसत राहिले. दर रविवारी सगळ्यात आधी ते तीच पुसत. हे मला तेव्हाही दिसत होतं. दिसत होतं एवढंच.

आपलं राज्य वेगळं झालं तेव्हा मी दहा वर्षांची होते. रायपूर राजधानी झालं आणि भोपाळहून ऑफिसंच्या ऑफिसं ट्रकांत बसून आली. माणसांना राहायला खोल्या मिळेनात. सुशील नावाचा एक तरुण क्लार्क चार महिने आमच्या डब्यात राहिला. बाकी सगळं त्याला फार आवडे. पण ती खालची खिडकी पूर्वेला, उजाडलं की ऊन थेट झोपलेल्याच्या डोळ्यांत. तो तिच्यावर कागद चिकटवी, रविवारी बाबा तो भिजवून काढून टाकत.

"दादा, इसको बंद ही करवा दीजिए ना!" शेवटी तो वैतागला.

"बंदच आहे ते," बाबा म्हणाले.

त्या गुरुवारच्या आधीच्या रविवारी डबा पाहायला नरेशभैया आले. नवा रायपूरला तलावाकाठी त्यांचा चहा-कॉफीचा ठेला आहे, त्याच्या जागी त्यांना डबा उभा करायचा होता. सोबत स्नेहल नावाची डिझाइन करणारी मुलगी, पुण्याहून दोन वर्षांपूर्वी इथे नोकरीला आलेली. ती डब्याभोवती एक फेरी मारून आली आणि पाठीच्या गोलाईवर तळवा ठेवून उभीच राहिली.

"ताई, हे कधीचं आहे?"

"नव्वद सालचं."

"शक्यच नाही!" तिनं टेबल उतरवून पाहिलं, परत चढवलं, परत उतरवलं. "आज आम्ही लोकांना हेच तर काढून देतो. कमी जागा, एका वस्तूची तीन कामं, कुठे कोपरा नाही, जोड लपवलेले नाहीत. हे काल बनवलं म्हणून सांगितलं तरी कुणालाही पटेल."

मला इतकं बरं वाटलं! बाबा असते तर कोपऱ्यावरचं भाषण परत ऐकायला मिळालं असतं.

"फक्त ही खिडकी..." ती वाकून म्हणाली. "ही चूक झाली ना?"

"हो," मी म्हणाले. "माप चुकलं होतं बाबांचं."

किती सहज म्हणाले मी ते!

"मग छानच. काउंटर इथेच कापू." तिनं पिशवीतून लाल चिकटपट्टी काढली आणि पत्र्यावर चार फुटी चौकट आखली. खालची खिडकी चौकटीच्या बरोबर पोटात आली. "म्हणजे चूकही जाईल आणि काउंटरही होईल."

"एक तीर से दो निशाने," नरेशभैया खूश झाले.

आई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातातले कप बश्यांवर वाजले. मी पुढे होऊन ट्रे घेतला. वाटलं, ट्रे जड झाला असेल.

तर त्या मंगळवारच्या दुपारी राधा डब्यात दुकान दुकान खेळत होती आणि घरात उकाड्यानं संग्राम रडत जागा झाला. लाइट यायचं नाव नाही. मी त्याला उचललं आणि डब्यातच घेऊन गेले. तिथे गार असतं. दोन पत्र्यांच्या मध्ये बाबांनी थर्माकोल भरलेला आहे आणि वर कडुनिंबाची सावली.

"मम्मी, क्या चाहिए? साबुन है, गोटा है, प्लेन है," दुकानदार म्हणाली.

"झोप आहे का?"

"वो तो खतम हो गई."

मी संग्रामला बाकावर भिंतीच्या बाजूला ठेवलं, म्हणजे पडायची भीती नाही, आणि डाव्या कुशीवर होऊन त्याला पाजायला घेतलं. उशीवर डोकं टेकलं. आणि माझ्या डोळ्यांसमोर खिडकी आली.

समोर म्हणजे अगदी समोर. मान उचलायला नको, वळवायला नको. काचेतून कुंपणाच्या पलीकडची रेल्वेलाइन दिसत होती, तिच्यावरून सावकाश चाललेले मालगाडीचे डबे दिसत होते, वर आभाळाची पट्टी. काचेची खालची कड संग्रामच्या डोक्याच्या दोन बोटं वर होती. म्हणजे बाहेरून कुणी पाहिलंच तर त्याला माझा चेहरा दिसला असता. बाळ नाही, पदर नाही. मी हात लांब करून काच चाचपली. कुठून वाऱ्याची झुळूक नाही. चौकटीवरून बोट फिरवलं. गोल, गुळगुळीत, एकामागे एक. रिव्हेट. स्क्रू एकही नाही.

चूक झाली असती तर बाबांनी काच काढून, वर पत्रा लावून, संध्याकाळपर्यंत तिचं नावही उरू दिलं नसतं.

मी तशीच पडून राहिले. संग्राम पिता पिता झोपला. राधा दुकान बंद करून माझ्या पायाशी येऊन पेंगली. मालगाडी संपली तरी मी त्या रिकाम्या रुळांकडे बघत होते. चौतीस वर्षांत या बाकावर मी बसले होते, जेवले होते, अभ्यास केला होता, उजव्या-डाव्या दोन्ही कुशींवर झोपलेही होते. पण लहानपणी झोपताना डोकं दाराकडे असे. बाळाला पाजायला म्हणून इथे मी पहिल्यांदाच आडवी होत होते. राधाच्या वेळी तर आम्ही हैदराबादला होतो.

दाराशी आई येऊन उभी होती. किती वेळची कुणास ठाऊक.

"आई," मी हळूच म्हटलं, "ही खिडकी चुकली नाही."

आई पायरीवर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, आणि मग बाहेर बघत बोलायला लागली.

"तू झाली तवा मी पुलगावले होती. सव्वा महिना खोलीत. दार बंद, खिडकी बंद, कानाले फडकं, खाटेखाली शेगडी. मायी आई लय कडक. म्हने, बाळंतिणीले वारा लागला तं जन्माचं दुखणं. तुह्या बाबानं म्हटलं घेऊन जातो, तं म्हने रेल्वेत नाही, गर्दी असते, वारा असते, लोकाइची नजर असते. न्याचं तं बंद पेटीत न्या."

"मग?"

"मग काय! बारशाले आला होता तो. मी म्हटलं, आई म्हनते ते ठीक आहे, पन बंद पेटीत मले जीव घाबरते. बारा दिवस झाले मी भिंतच पाहून राह्यली. मले बाहेरचं दिसलं पाह्यजे." आई हसली. "सारे जेवाले बसले होते. हा गुपचूप खोलीत आला. तवा पुरुष मानूस येत नव्हता खोलीत. मी तुले पाजत होती, अशीच, कुशीवर. मी म्हटलं, अवो जा ना, कोणी पाहीन! त्यानं खिशातून सुतळी काढली. गादीपासून माह्या डोळ्यापर्यंत धरली, एक गाठ मारली. तुह्या डोक्यापर्यंत धरली, दुसरी गाठ मारली. अन् निघून गेला. एक शब्द नाही. मले वाटलं, मानसाले वेड लागलं."

मी हसले, तर संग्राम दचकला. त्याला थोपटलं.

"वारा नाही लागला पाह्यजे म्हणून उघडत नाही ते," आई म्हणाली. "अन् दिसलं पाह्यजे म्हणून आहे."

"काय दिसलं मग?"

"धान," ती लगेच म्हणाली. इतक्या वर्षांत ते उत्तर तयारच होतं जणू. "साकोलीच्या पुढं दोन्हीकडून पिवळं धान उभं. तू पिऊन राह्यली होती अन् मी धान पाहून राह्यली होती. तो घंट्या-घंट्यानं जीप थांबवे. दार उघडे नाही, वारा येईन म्हणून. पत्र्यावर दोनदा ठोके. मी आतून एकदा ठोको, म्हंजे ठीक आहे. मंग खिडकीकडं पाठ करून उभा राहे, कोनी जवळ येऊ नये म्हणून. बिडी पेयाची अन् चालले."

"मग सांगितलं का नाही कुणाला? सगळे हसायचे त्यांना. मीसुद्धा."

"काय सांगू?" आईनं माझ्याकडे पाहिलं. "वर्कशॉपच्या मानसाइले सांगू, बायको पोरीले पाजते तवा तिचे डोळे कुठं येतात, तेचं माप आहे म्हणून? त्यानं पहिल्याच दिवशी म्हनून टाकलं, माप चुकलं. त्यानंतर कोनी इचारलंच नाही. मले म्हने, हसू दे, हसन्यानं पत्रा गंजत नाही."

बाहेर पत्र्यावरची लाल चौकट मला आतून दिसत नव्हती. पण ती कुठून कुठे जाते, ते आता नीट माहीत होतं.

"डबा नकोच विकायला," मी म्हणाले.

"अन् ठिवशीन कुठं? डोक्यावर?" आई उठली. "घर सोडनं आहे तं सोडू. त्या पोट्ट्याले कापू दे. मी नाही बोलनार लोकाइसमोर."

गुरुवारी सकाळी नरेशभैया पिकअप घेऊन आले. स्नेहलच्या हातात कागद होता, त्यावर डब्याचं नवं रूप काढलेलं. सुंदर काढलं होतं, खोटं का बोलू! मी तयारी करून ठेवलेलं वाक्य म्हणाले, "भैया, डबा न्या, पण ही खिडकी ठेवायची. काउंटर दुसरीकडे काढा."

"अरे दीदी, आपही ने तो बोला था गलती है."

"मी बोलले ते चुकलं."

"पर काहून?" नरेशभैयांनी आमचाच शब्द आमच्यावर फेकला. "एवढुशी खिडकी, उघडत नाही, ग्राहकाच्या पोटाशी. लोग हँसेंगे."

आई तुळशीपाशी पाठमोरी उभी होती. दोघांनी इतकी वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट मी कशी उघडी पाडणार? मी नुसती म्हणत राहिले, ठेवायची, नाहीतर राहू द्या. नरेशभैयांनी घड्याळ पाहिलं. ड्रायव्हरनं जोडलेला आकडा परत सोडायला घेतला.

"माह्यासाठी केली होती."

आई वळली होती. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या तिच्या, पण आवाज नीट होता.

"बाळंतीण होती मी. हे पोट्टी सव्वा महिन्याची. झोपून पाजत होती, तवा बाहेरचं दिसावं म्हनून त्यानं माप घेऊन केली. चुकून नाही. तेचं एकही माप चुकलं नाही. एकही."

ड्रायव्हरनं मान खाली घातली. नरेशभैयांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली, परत घातली. मग हळूच म्हणाले, "मोर घर म घलो दू महीना के नोनी हे, दाई." माझ्या घरीही दोन महिन्यांची मुलगी आहे.

स्नेहलनं नखानं लाल पट्टीचं टोक सोडवलं आणि सगळी चौकट ओढून काढली. मग ती बाकावर जाऊन चक्क आडवी झाली, डाव्या कुशीवर. आतून तिचा आवाज आला, "अरे बापरे!"

बाहेर येऊन तिनं कागद पत्र्यावर धरला आणि पेन्सिलीनं खोडाखोड केली. "काउंटर पुढे सरकवता येईल. दोन फूट. पण मग ताई, हे भांड्यांचं कपाट काढावं लागेल. दुसरा इलाज नाही."

राधाचं दुकान. तो खटका. मी आईकडे पाहिलं, आई कपाटाकडे.

"काढा," मी म्हणाले. "ते स्क्रूवर आहे."

सहा स्क्रू निघाले. कपाट अख्खं बाहेर आलं, आणि त्याच्या मागे पत्रा जुन्या दिवसांसारखा लखलखीत होता. आता ते माझ्या स्वयंपाकघरात आहे, चौथ्या मजल्यावर, फ्रिजच्या शेजारी. संग्राम झोपलेला असला की मी त्यातून काही काढत नाही.

पिकअपनं डबा गल्लीत ओढला. पाऱ्यातले लोक दारादारांत उभे होते. गोल पाठीवर कडुनिंबाचं प्रतिबिंब वाकडंतिकडं होऊन सरकलं, मग विजेचे खांब, मग आम्ही चौघं: आई, मी, कडेवर संग्राम आणि माझा पदर धरलेली राधा. वळणावर डबा वळला आणि डावी बाजू दिसली. तीन खिडक्या आणि खाली एक. खड्ड्यातून चाक गेलं, तरी काहीच वाजलं नाही.

आईनं हात उंचावला नाही. नुसती दोन बोटं शेजारी काढून ठेवलेल्या कपाटाच्या फळीवर एकदा आपटली, आतून उत्तर द्यावं तशी.

राधा बराच वेळ त्या रिकाम्या वळणाकडे बघत होती. मग तिनं माझा पदर ओढला.

"मम्मी, आजीनं तिथून पाह्यलं, तू पाह्यलं, मैंने भी देखा," ती एकेक बोट मोजत म्हणाली. "आबा तर पुढं जीप चलाते थे ना? मग आबांनी तिथं झोपून कधी पाह्यलं का, काय दिसते ते?"